हनुवटीमागचा राखणदार

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का?" हे वाक्य लहानपणी ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. विचारणाऱ्याला उत्तर नको असते. तरीही शरीरशास्त्राला विचारले तर ते सांगेल की जिभेत हाड नाही हे खरे, पण जीभ हाडाला बांधलेली आहे, आणि चांगली घट्ट बांधलेली आहे. ती कोणत्या हाडाला बांधली आहे, कशाने बांधली आहे, आणि रात्री ही बांधणी सैल पडली तर काय होते, हा या खेपेच्या सदराचा विषय.

विषय का निवडला तेही सांगतो. गेल्या अंकातल्या टाचदुखीच्या लेखानंतर आम्हाला जे फोन आले त्यांतले बरेचसे टाचेबद्दल नव्हतेच. ते घोरण्याबद्दल होते, आणि झाडून सारे घरच्या बाईंचे होते. "यांच्या घोरण्यावर काही तरी लिहा हो. माझे ऐकत नाहीत, पण छापून आले की वाचतात." तेव्हा आता छापून आले आहे. ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या सकाळच्या चहाच्या कपाशेजारी हे पान ठेवावे.

सुरुवात आरशापासून करू. मुले बघत नाहीत ना याची खात्री करून आरशासमोर उभे राहा आणि जीभ बाहेर काढा. आइन्स्टाइनने १४ मार्च १९५१ रोजी, आपल्या बहात्तराव्या वाढदिवशी, फोटोवाल्यांसमोर हेच केले होते आणि तो फोटो जगभर गेला, तेव्हा लाजण्याचे कारण नाही. आता विचार करा : स्नायूला फक्त आखडता येते, ढकलता येत नाही. मग जीभ बाहेर ढकलली कुणी?

खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला, मधोमध, हनुवटीच्या बरोबर मागे, हाडावर दोन-चार बारीक उंचवटे आहेत. ते दातांच्या मुळांच्या बरेच खाली असतात, म्हणून जिभेच्या टोकाने चाचपडून लागत नाहीत. म्हातारपणी सगळे दात जाऊन जबडा झिजला की कवळी बसवणाऱ्या दंतवैद्याच्या बोटाला मात्र ते लागतात. यांतल्या वरच्या दोन उंचवट्यांपासून डावा आणि उजवा असे दोन जुळे स्नायू निघतात आणि ताडाच्या पंख्यासारखे पसरत जिभेत शिरतात. काही तंतू पुढे टोकाच्या दिशेने जातात, काही जिभेच्या पाठीकडे, आणि सर्वांत खालचे तंतू आडवे मागे जाऊन जिभेच्या बुडाशी आणि गळ्यातल्या घोड्याच्या नालेसारख्या हायॉइड नावाच्या हाडाशी पोचतात. या स्नायूचे नाव जिनिओग्लॉसस. ग्रीक भाषेत 'जेनिऑन' म्हणजे हनुवटी आणि 'ग्लोसा' म्हणजे जीभ. नाव थोडे दातांत अडकते, पण दोनदा म्हटले की बसते.

आता कोडे सुटते. हनुवटी जागची हलत नाही. हे मागचे तंतू आखडले की जिभेचे बूड हनुवटीकडे ओढले जाते आणि पुढचा भाग आपोआप ओठांबाहेर येतो. म्हणजे आपण जीभ "काढतो" असे म्हणत असलो तरी प्रत्यक्षात ती मागून पुढे ओढली जाते. मधले तंतू आखडले की जीभ मध्ये दबते आणि तिची पन्हळ होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही पन्हळ फार उपयोगी पडते.

डॉक्टर जीभ दाखवायला सांगतात तेव्हा ते नेहमी पोट साफ आहे का हेच पाहत नसतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली शेवटची, हायपोग्लॉसल नावाची, जिभेच्या जवळजवळ सगळ्या स्नायूंना हुकूम देते. एका बाजूची ही नस दुखावली तर जीभ सरळ बाहेर न येता त्या दुबळ्या बाजूकडे वळते. बैलगाडीचा डावा बैल थबकला तर गाडी डावीकडेच वळते, तसेच. पाच सेकंदांची तपासणी, आणि यंत्र लागत नाही.

जिभेचे एकूण स्नायू आठ जोड्या. चार बाहेरून येऊन जिभेत शिरतात, त्यांतला सर्वांत मोठा आपला जिनिओग्लॉसस. बाकीचे तीन जीभ मागे घेतात, खाली दाबतात, तिचा मागचा भाग उचलतात. "उचलली जीभ, लावली टाळ्याला" या म्हणीत ह्यांचा हात आहे. उरलेले चार पूर्णपणे जिभेच्या आतच राहतात : लांबट दोन, आडवा एक, उभा एक. ते जिभेचा आकार बदलतात. हाताला जसे हाड आणि सांधे आहेत तसे जिभेला नाहीत, तरी ती एवढी हालते कशी, याचा उलगडा विल्यम किअर आणि कॅथलीन स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एका सुंदर निबंधात केला. जीभ, हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे बाहू ही सारी एकाच तत्त्वावर चालतात. पाण्याने भरलेली रबरी पिशवी एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने फुगते, कारण आतल्या पाण्याचे आकारमान कमी होत नाही. जिभेचा आडवा स्नायू तिला अरुंद करतो, म्हणून ती लांब होते. हाड नसण्याचा हा फायदा.

इथे मंडळाच्या मराठी शाळेतल्या पालकांसाठी दोन शब्द, कारण हा प्रश्नही अनेकदा येतो. मुले "बाळ"चे "बाल" करतात, "काळा" आणि "काला" यांत फरक करत नाहीत, मग कुणी आजी फोनवरून सांगते की जीभ जड आहे, खालची शीर कापून घ्या. 'ळ' म्हणताना जिभेचे टोक वर आणि मागे वळते. ते काम मुख्यतः वरच्या लांबट स्नायूचे आहे, आणि तो स्नायू एडिसनमध्ये जन्मलेल्या मुलात सांगलीच्या मुलाइतकाच धडधाकट असतो. फरक कानाचा आहे. व्हँकूव्हरमध्ये वेर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या आसपास त्याच भाषेतल्या बाळांपैकी फार थोड्यांना तो कळला. ऐकायला मिळाले नाही की कान तो भेद सोडून देतो. म्हणून जीभ बाहेर काढता येत असेल, वरच्या दातांना लावता येत असेल, तर शिरेला हात लावू नका. पाळण्यात असल्यापासून मराठी बोला. मोठे झाल्यावरही 'ळ' शिकता येतो, फक्त चिकाटी लागते आणि घरी कुणी हसून चालत नाही. जिथे शीर खरोखरच आखूड असते, बाळाला दूध ओढता येत नाही, तिथे ती कापणे योग्य, पण ते डॉक्टरांनी पाहून ठरवावे.

आता मूळ मुद्द्याकडे.

आम्ही भूल देण्याचा व्यवसाय करतो. त्यामुळे जिनिओग्लॉससशी आमची गाठ रोज सकाळी पडते. रुग्ण "देवाचे नाव घेतो आहे" म्हणता म्हणता झोपतो आणि त्याच क्षणी हा स्नायू ढिला पडतो. पाठीवर झोपलेल्या माणसाची जीभ स्वतःच्या वजनाने मागे घशावर जाऊन बसते. छाती हलते, पोट हलते, पण हवा आत जात नाही. अशा वेळी आम्ही दोन्ही हातांची बोटे जबड्याच्या कोनामागे, कानाच्या पाळीखाली लावतो आणि जबडा पुढे उचलतो. लगेच श्वास सुरू होतो. या युक्तीत जादू नाही : जीभ हनुवटीला बांधलेली आहे, म्हणून हनुवटी पुढे आणली की जीभ तिच्यामागून येते. एकोणिसाव्या शतकात क्लोरोफॉर्म देणारे लोक चिमट्याने जीभ धरून बाहेर ओढत असत. जबडा उचलणे त्यापेक्षा पुष्कळ सभ्य.

यावरून घरात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट लक्षात ठेवा. फीट आलेल्या माणसाची "जीभ गिळली जाते" या समजुतीने आपल्याकडे तोंडात चमचा घालतात. जीभ गिळता येत नाही, ती हाडाला बांधलेली आहे. चमच्याने दात मात्र तुटतात आणि तुटलेला दात श्वासनळीत जातो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यानेही काही होत नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही द्या आणि शक्य तितक्या लवकर माणसाला कुशीवर वळवा. कुशीवर वळवले की जीभ घशावर न पडता बाजूला सरकते आणि लाळही बाहेर येते. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर ९११ ला फोन करा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे अशा कुणालाही हेच लागू : उताणे ठेवू नका.

झोप म्हणजे भूल नव्हे, पण या स्नायूच्या दृष्टीने दोन्हींत थोडे साम्य आहे. श्वासनळीला कूर्चेच्या कड्या आहेत, त्यामुळे ती उघडी राहते. तिच्या वरचा घसा मात्र नुसत्या मांसाची नळी आहे आणि त्या नळीची पुढची भिंत म्हणजे जिभेचे बूड. आपण श्वास आत ओढतो तेव्हा सरबताची कागदी नळी जोराने ओढल्यावर चपटी होते तशी ही नळीही मिटू पाहते. ती मिटू नये म्हणून प्रत्येक श्वासाच्या किंचित आधी मेंदू जिनिओग्लॉससला इशारा देतो आणि तो जीभ पुढे धरून ठेवतो. हे आपल्या नकळत, दर मिनिटाला बारा-पंधरा वेळा, जन्मभर चालते. त्याच्या मदतीला इतरही स्नायू आहेत, पण मोठा वाटा याचा.

झोप लागली की हा इशारा मंदावतो. स्वप्नांच्या झोपेत तर फारच. ज्यांचा घसा ऐसपैस आहे त्यांना काही होत नाही. ज्यांचा अरुंद आहे त्यांच्या टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ हवेबरोबर फडफडू लागते, ते घोरणे. आणि घसा पूर्ण मिटला की घोरणे थांबते. इथेच घरच्या मंडळींची फसगत होते. आवाज थांबला की बाईंना हुश्श वाटते, "लागली एकदाची शांत झोप". वास्तविक त्याच वेळी कान टवकारायला हवेत. दहा, वीस, कधी तीस सेकंद हवा बंद असते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून किंचित जागा होतो, जिनिओग्लॉसस झटक्याने आखडतो, मोठा घुरका येऊन श्वास सुरू होतो. झोपलेल्याला यातले काही आठवत नाही. सकाळी विचारा, तर "मी? मी तर जागाच होतो!"

या स्नायूत तारा बसवून झोपेतल्या नोंदी १९७० च्या दशकात घेतल्या गेल्या आणि घसा मिटताना तो ढिला असतो हे १९७८ पर्यंत दिसून आले. त्याहून आम्हाला विलक्षण वाटतो तो १९९२ चा निष्कर्ष. ज्यांना हा विकार आहे त्यांचा जिनिओग्लॉसस दिवसा, जागेपणी, इतरांपेक्षा अधिक जोराने काम करत असतो. घसा अरुंद असल्याची भरपाई तो दिवसभर करतो. त्यामुळे दिवसा डॉक्टरांकडे गेलात तर श्वास अगदी ठीक दिसतो. राखणदार रात्री डुलकी घेतो, आणि रात्री त्याला पाहणारे माणूस एकच असते. म्हणून आम्ही म्हणतो की या आजाराचे निदान बहुतेक वेळा पलंगाच्या दुसऱ्या बाजूने होते.

श्वास अडखळण्याचे हे प्रकार तासाला पाचाहून कमी असतील तर काळजी नाही. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. तिसाच्या वर म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, रात्रभर. अशा माणसाने आठ तास झोपून काय उपयोग? रक्तदाब गोळ्यांनाही दाद देत नाही, हृदयाचा ठोका अनियमित होण्याची आणि पक्षाघाताची शक्यता वाढते. सकाळी डोके जड, तोंड कोरडे. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणे, ज्याचा दोष पुरुष मंडळी प्रोस्टेटला देतात. आणि दिवसा येणारी पेंग. कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून पेंगणे एक वेळ गाणाऱ्या कलाकाराने माफ करावे, पण थँक्सगिव्हिंगला पोरांना मागे बसवून सात तास गाडी चालवताना डोळा लागला तर माफी कुणाकडे मागायची?

कुंभकर्णाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ब्रह्मदेवाकडे वर मागताना सरस्वती त्याच्या जिभेवर बसली, 'इंद्रासन' म्हणायचे ते 'निद्रासन' झाले आणि तो सहा-सहा महिने झोपू लागला. तेव्हापासून घोरणे म्हणजे गाढ झोप असे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. "काय छान घोरतोय" असे म्हणणाऱ्या आत्या आपण पाहिल्या आहेत. मुलांच्या बाबतीतही हे बरे नव्हे. रोज घोरणाऱ्या लहान मुलाचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्याव्यात.

दुसरी समजूत अशी की हा फक्त लठ्ठ माणसांचा आजार. वजनाचा संबंध मोठा आहे, नाही म्हणत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २०२० च्या अभ्यासात दिसले की वजन उतरल्यावर या विकारात जो फायदा होतो त्याचे एक मुख्य कारण जिभेतली चरबी कमी होणे हे आहे. होय, जिभेतही चरबी साठते. पण आपल्या लोकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. जबडा लहान किंवा हनुवटी मागे असली की जिभेला जागाच कमी उरते, आणि मग अंगाने बेताच्या माणसालाही हा त्रास होतो. दक्षिण आशियाई लोकांत तो कमी वजनालाही आढळतो. बायकांनी निश्चिंत राहू नये. विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयाच्या ६०२ सरकारी नोकरांची झोप तपासली, त्याचा अहवाल १९९३ मध्ये आला. दिवसा पेंग येण्यासह हा विकार पुरुषांत शंभरी ४ आणि बायकांत शंभरी २ निघाला. पाळी गेल्यावर बायकांतले प्रमाण वाढते. आणि त्या "घोरते" असे सांगत नाहीत, "थकवा आहे, झोप लागत नाही" असे सांगतात, त्यामुळे निदान राहून जाते.

टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चंग यांनी २००८ मध्ये काही साधे प्रश्न तयार केले. ते आम्ही शस्त्रक्रियेआधी विचारतो, तुम्ही घरी विचारा. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतके घोरता का? दिवसा थकवा किंवा पेंग येते का? झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिले आहे का? रक्तदाब आहे का? वजनाचा निर्देशांक ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष, असे एकूण आठ. तीन होकार आले तर तपासणी करून घ्यावी. आपल्यासाठी वजनाचा ३५ हा आकडा फार सैल आहे असे आमचे मत, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध राहायला सुचवले आहे. तपासणीसाठी आता दर वेळी रुग्णालयात रात्र काढावी लागत नाही, बहुतेकांना छोटे यंत्र घरी देतात. आणि कोणतीही शस्त्रक्रिया असो, अगदी मोतीबिंदूची, भूल देणाऱ्याला "मी घोरतो" हे सांगायला लाजू नका. त्याला ते तुमच्या पदवीपेक्षा अधिक महत्त्वाचे असते.

उपायांकडे वळू. बहुतेक सारे या एका स्नायूच्या भोवती फिरतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या त्याला आणखी ढिला करतात, तेव्हा शनिवारच्या पार्टीनंतरचे घोरणे वेगळे का असते ते कळले असेल. उताणे झोपल्याने जीभ मागे पडते, म्हणून बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती आहे. सौम्य विकारात ती काम करते. दंतवैद्य रात्री दातांवर बसवायचे एक साधन करून देतात, ते खालचा जबडा थोडा पुढे धरते. आमची बोटे जे करतात तेच, रात्रभर. स्टॅनफर्डच्या शल्यविशारदांनी १९८० च्या दशकात हनुवटीच्या हाडाचा तो उंचवट्यांचा तुकडाच कापून, स्नायूसकट पुढे ओढून बसवायला सुरुवात केली.

सर्वांत खात्रीचा उपाय अजूनही सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणारे मशीन. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये पाच रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. हवा आतून टेकू देते, घसा मिटत नाही. पहिले दोन आठवडे चीड येते. मुखवट्याचे आकार निरनिराळे असतात, एक नाही बसला तर दुसरा मागा. मेडिकेअरवाल्यांनी लक्षात ठेवावे : पहिल्या तीन महिन्यांत सलग तीस दिवसांतल्या किमान ७० टक्के रात्री, रात्री किमान चार तास, वापर झाल्याची नोंद लागते, नाही तर मशीनचे पैसे बंद होतात. मशीन ही नोंद स्वतःच ठेवते, त्यामुळे "लावतो की रोज" ही थाप चालत नाही. मित्राचे जुने मशीन उचलून आणू नका. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्स कंपनीने आतल्या फोममुळे आपली अनेक मशीने परत मागवली होती, आणि दाब तर प्रत्येकाचा वेगळा असतो.

सीपॅप ज्यांना अजिबात सोसत नाही अशांतल्या काहींसाठी २०१४ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने एक वेगळे यंत्र मान्य केले. गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेत ते बसवतात आणि हायपोग्लॉसल नसेच्या जीभ पुढे आणणाऱ्या फाट्याला प्रत्येक श्वासाबरोबर हलका विजेचा इशारा देतात. मेंदू जो इशारा द्यायला विसरतो तोच. १२६ जणांवरच्या चाचणीत वर्षाअखेर अडखळण्याचा मधला आकडा तासाला २९ वरून ९ वर आला. डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ व्यक्तींच्या मध्यम-तीव्र विकारासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनलाही मान्यता मिळाली.

व्यायामाने हा स्नायू बळकट होतो का? थोडा. साव पावलोमधल्या ३१ रुग्णांच्या २००९ च्या अभ्यासात तीन महिने जीभ टाळ्यावर दाबणे, मागे सरकवणे, जबड्याच्या तळाशी दाबणे असे व्यायाम करणाऱ्यांचा आकडा २२ वरून १४ च्या खाली आला. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली २५ जणांपैकी काहींना ऑस्ट्रेलियातले डिजरिडू हे वाद्य वाजवायला शिकवले आणि त्यांची पेंग कमी झाली. आणि २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने शंख फुंकायला लावले, त्यांनाही फरक पडला. घरातला शंख काढायला हरकत नाही, अपार्टमेंटमधल्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मात्र हे अभ्यास छोटे आहेत. विकार तीव्र असेल तर शंखावर विसंबून मशीन माळ्यावर टाकू नये.

माळ्यावर टाकण्याचा प्रसंग बहुधा भारतात जाताना येतो. दोन-तीन आठवड्यांपुरते कशाला न्यायचे, भाचेमंडळी विचारतील, वहिनी घाबरतील, अशी कारणे आम्ही ऐकली आहेत. मशीन बंद केले की त्याच रात्रीपासून पहिले पाढे पंचावन्न, आणि वर प्रवासाचा शीण. ते बरोबर न्यावे, आणि हातातल्या सामानात न्यावे. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ते वैद्यकीय उपकरण असल्याने सामानाच्या संख्येत धरत नाहीत. वेगळ्या पिशवीत ठेवा, प्रिस्क्रिप्शनची प्रत आत घाला, पाण्याचे भांडे रिकामे करा. विजेच्या ठोकळ्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापले असेल तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त भारतीय पिनचा अडॅप्टर पुरतो. गावी वीज जात असेल तर त्या मशीनला चालणारी बॅटरी आधी मागवा. हवा दमट करणारा भाग बंद ठेवला तर ती पुष्कळ जास्त टिकते, आणि कोकणातल्या हवेत त्याची फारशी गरजही पडत नाही.